उनवट

३ फेब्रुवारी, मंगळवार

वास गेल्याला आज एकवीस दिवस झाले.

हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून ही वही. घरी सांगितलेलं नाही. कंपनीत सांगता येणार नाही. पालघरच्या डॉक्टरांना माहीत आहे, पण मी काम काय करते ते त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही. ते म्हणाले, तापानंतर होतं असं. काहींचा महिन्यात येतो, काहींचा वर्षाने, काहींचा येत नाही. "वास नसला तरी माणूस जगतो." खरं आहे. मी मान हलवली आणि बाहेर आले.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी मसाल्याची मिश्रणं बनवते. हॉटेलांसाठी, वेफर्ससाठी, नूडल्ससाठी. तयार मालाचा वास आणि चव तपासणारे आम्ही पाच जण. पाच खुर्च्या. पहिली खुर्ची माझी, एकोणीस वर्षं. कोणी नवीन आलं की त्याला लांबून दाखवतात: त्या प्रेमलाताई, कंपनीचं नाक.

वासांची यादी मी केली. पूर्वी फॉर्मवर इंग्रजी शब्द असायचे. समोर खुणा करायच्या आणि एकाची खूण दुसऱ्याला कळायची नाही. मी आपले शब्द घातले. कुबट, खवट, करपट, धुरकट, मातकट, ओशट, हिरवट. एकसष्ट शब्द झाले. त्यातला एक कोणत्याही कोशात नाही. उनवट. तो माझ्या आईचा. उन्हात नीट वाळलेल्या वस्तूला जो वास असतो तो. मिरची, वाल, सुकट, दोरीवरची चादर. सुकणं वेगळं आणि वाळणं वेगळं, आई म्हणायची. वाळलेलं उनवट लागतं.

रोज सकाळी हिंगाची डबी उघडते. आजही उघडली. नुसतं पीठ.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन वाट्यांची परीक्षा होती. दोन वाट्या सारख्या, एक वेगळी. वेगळी ओळखायची. तपासणीच्या खोलीत प्रत्येकाला एक कप्पा आहे, मध्ये प्लायवूड. रंग कळू नये म्हणून वर लाल दिवा. पेन्सिलने लिहायचं, कारण पेनच्या शाईला वास असतो. बोलायला मनाई.

शेजारच्या कप्प्यात भावेश. तो हल्ली एकटाच बडबडतो. आज म्हणाला, "ही मधली काय बाबा, जिऱ्याचा डबाच उपडा केलाय." तेही मोठ्याने. मी प्लायवूडवर टकटक केली.

"सॉरी, प्रेमलाबेन. म्हातारा झालो. मनातलं तोंडात येतं."

चाळिशीचा आहे.

मी मधली वाटी लिहिली. बरोबर आली. त्याचं ऐकू आलं नसतं तर काय लिहिलं असतं, माहीत नाही. त्याची तक्रार करायला हवी. करणार नाही. त्याचा राग येतो आणि त्याच वेळी तो उद्याही बोलावा असं वाटतं. हे लिहायला लाज वाटते.

दुसऱ्या परीक्षेत साखरबाईंच्या आधी मी बाहेर आले आणि चुकीची वाटी लिहिल्याचं मला वाटत राहिलं. तीही बरोबर निघाली. नशीब म्हणायचं.

साखरबाई पूर्वी पॅकिंगला होत्या. डोंगरातल्या पाड्यावरच्या. सात वर्षांपूर्वी गोण्यांच्या रांगेजवळून जाताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यातली तिसरी खवटली हाय." गोण्या शिवलेल्या होत्या. उसवून बघितलं तर खरंच खवटलेली. मी त्यांना आत आणलं. सही शिकवली, मग अक्षरं, मग आकडे. अजून पेन्सिल दाबून लिहितात. त्यांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.


१० फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांनी गॅसची शेगडी काढून टाकली. बोईसरहून विजेवरची आणली.

"जुनी चांगली चालत होती," मी म्हटलं.

"जुनी झालेली ती."

"जुने तुम्हीही झालात."

"म्हणून तर बटनाची आणली. मला पण चाय करता येल."

सव्वीस वर्षांत ह्यांनी चहा केलेला नाही. आता रोज करतात. निवृत्त झाल्यापासून ह्यांचा वेळ जात नाही. कंपनीची शिफ्टची बस चालवायचे तेव्हा घरात काय शिजतंय हे विचारायला फुरसत नव्हती. आता मी स्वयंपाकघरात गेले की मागून येऊन पाटावर बसतात. डाळीचं झाकण उघडून बघतात. कालचं काही फ्रिजमध्ये राहू देत नाहीत, आधी स्वतः हुंगतात आणि टाकून देतात. वाया जातं म्हणून मी बोलले, तर म्हणाले, "टाकलेलं बरं."

रिकामा पुरुष घरात अडगळ होतो असं बायका म्हणतात. मला मात्र बरं वाटतं. पाम गावातल्या ह्या घरात इतकी वर्षं संध्याकाळी मी एकटीच चुलीशी असायचे. आता दोघं असतो. वास गेला नसता तर हे मला दिसलं नसतं. बहुतेक वासातच गुंतून राहिले असते मी.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंबईहून किंजल आली. मेक्सिकन जेवणाच्या एका मोठ्या साखळीची खरेदी ती बघते. त्यांची शाखा बोईसरला नुकतीच उघडली आहे. काचेपलीकडे भांडी मांडलेली असतात. आपण काय हवं ते सांगत पुढे सरकायचं, ते घालत जातात. सगळ्या शाखांमध्ये एकच लाल चटणी. तिचा कोरडा मसाला त्यांना आमच्याकडून हवा आहे.

मिरचीचे दोन नमुने आहेत. एक उन्हात वाळवलेली, एक यंत्राच्या भट्टीत. भट्टीची बारा महिने मिळते, एकसारखी मिळते. उन्हाची जपावी लागते. किंजलचं म्हणणं सरळ आहे. जेवताना उन्हाचा वास कळत असेल तर उन्हाची घेऊ. कळतच नसेल तर त्रास कशाला?

तिने आमची यादी वाचून आणली होती. 'उनवट'वर बोट ठेवून म्हणाली, "मला हा शब्द फार आवडला. फॉर्मवर एकच प्रश्न ठेवू. कुठल्या वाटीत उनवट जास्त?"

परीक्षा खोलीत नाही. बुधवारी सगळ्यांनी त्यांच्या शाखेत जेवायचं आणि जेवतानाच ठरवायचं. वाट्यांवरचे आकडे मुंबईत पडतील. कोणता आकडा कुठल्या मिरचीचा, हे इथे कोणालाच माहीत नसेल. प्रयोगशाळेच्या प्रमुख स्वातीलाही नाही.

डब्याच्या सुट्टीत साखरबाईंनी सांगितलं, उन्हाची मिरची त्यांच्या पाड्यावरची आहे. बहिणीची सून कमळी आणि आणखी अकरा बायका. नमुना स्वातीनेच मागवला होता.

"खडकावर वाळवली, बाय. दिसाला चार येळा हातानं परतली. सांजंला गोळा केली, सकाली पुना पसरली. पोरींच्या हातांची आग आग झाली. कच्च्याबच्च्यांना घेता येत नाय अंगावर."

"बाजारात का नाही दिली?"

"बाजारात येपारी ओली घेतो. तो बोलल तो भाव. वाळवून द्यायची ही पयलीच बारी." मग हसल्या. "ही लागली तं दिवाळीमागून वीटभट्टीवर जायचा ऱ्हाल. पोरं शालंत ऱ्हातील."

मी म्हटलं, "परीक्षा ती परीक्षा. आपल्या हातात नाही."

"मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या नाकात हाय."

मी बुधवारी आजारी पडू शकते. पण पहिली खुर्ची रिकामी दिसली की विचारपूस होईल, विचारपूस झाली की कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवतील. नाक नसलेलं नाक कंपनी कशाला ठेवील?


१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवण झालं. सगळं सुरळीत झालं. सविस्तर लिहिते.

कंपनीची गाडी घेऊन आम्ही साडेबाराला पोचलो. पाच परीक्षक: मी, साखरबाई, भावेश, धीरज आणि जयवंती. शिवाय स्वाती. किंजल आधीच येऊन थांबली होती. दुकान थंड, भिंती पिवळ्या, खुर्च्या उंच. साखरबाईंचे पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी मांडीच घातली.

पण आधी रांग. काचेपलीकडे हातमोजे घातलेली मुलगी. तिने पहिल्यांदा भावेशला विचारलं, "राइस? बीन्स?"

साखरबाई काचेला नाक लावून बघत होत्या. "भात. राजमा. मका. कांदा," त्यांनी बोटांवर मोजलं. "हा तं घरचाच हाय सगला."

"घरी गुंडाळून देतात का, साखरबाई?" भावेश म्हणाला. "इथे गुंडाळायला माणूस ठेवलाय."

"पोराला गुंडालतात तसा गुंडालते ही. बघ बघ, पाय आत घातले."

मुलगी हसायला लागली. साखरबाईंची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, "आंटी, तीखा कितना?"

"भात अजून घाल."

"पोळी फाटेल, आंटी."

"फाटू दे. पोट नाय ना फाटत."

मागे उभी असलेली माणसंही हसली. मीही हसले. मग माझी पाळी आली आणि एकेक भांड्यासमोर मला थांबावं लागलं. माणसं वासावरून निवडतात हे मला तिथे कळलं. मी दिसण्यावरून सांगत गेले. हे घाल, ते घाल. माझ्या मागे जयवंती होती. "ताई, ते नको, तुम्हाला आवडणार नाही," असं दोनदा म्हणाली. तिला काय माहीत मला काय आवडतं? पण मी ऐकलं.

जेवण चांगलं होतं. हे मी खरं लिहिते आहे. पोळी गरम, राजमा मऊ, कांदा करकरीत, लिंबाचा आंबटपणा गालाच्या आतल्या बाजूला. वास नसताना जेवण म्हणजे हातांनी चाचपडत घरात फिरणं. तरी घर आपलंच असतं.

मग वाट्या आल्या. प्रत्येकासमोर दोन, झाकण घातलेल्या. ४१७ आणि ६८२. सोबत मक्याचे कोरडे तुकडे आणि पाणी. कप्पे नाहीत, प्लायवूड नाही. लांब टेबल, सगळे शेजारी शेजारी.

मी ४१७चं झाकण उघडलं, नाकाशी नेली. काही नाही. ६८२. काही नाही. दोन्ही चाखल्या. आग जिभेला कळते. आंबट कळतं. पण दोन्हींत आग सारखी, आंबट सारखं. मी पाणी प्यायले आणि पुन्हा सुरुवात केली. काही नाही.

मग जे करायचं नसतं ते मी केलं. रंग बघितला. इथे लाल दिवा नव्हता, खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. ४१७ लालभडक. ६८२ फिकी, विटकरी, कुठे कुठे पिवळसर. लाल ती तापलेली, मी म्हटलं. तापलेली ती उन्हाची.

४१७ लिहिलं. कागद तिथेच ठेवून हात धुवायला गेले.

परत आले तेव्हा सगळे लिहीत होते. साखरबाई खोडत होत्या. भावेशने त्यांच्याकडून रबर घेतलं आणि तोही खोडायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"अक्षर वाकडा आला, बाय."

"आकडा लिहायचा आहे, अक्षर नाही."

"तोच वाकडा आला."

साखरबाईंचं मन हल्ली ठाम नसतं. वयाचा परिणाम.

स्वातीने कागद गोळा केले. एकेक बघितला. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "प्रेमलाताई, एकदा पुन्हा बघायचंय का? वेळ आहे आपल्याकडे."

"नको."

"नक्की?"

"स्वाती, एकोणीस वर्षं मी हे करते आहे."

"हो, ताई."

किंजलने कागद बघितले आणि तिचे डोळे मोठे झाले. पाचपैकी पाच! असं कधीच होत नाही, ती म्हणाली, चार शहरांत परीक्षा घेतल्या, असं कुठेच झालं नाही. तिने माझा हात हातात घेतला.

पाचही जणांनी ४१७ लिहिलं होतं. म्हणजे मी रंगावरून लिहिलं असं मला वाटलं तरी तसं नसावं. नाक पूर्ण गेलेलं नाही. खोल कुठेतरी काहीतरी शिल्लक आहे आणि त्याने माझा हात धरला. मी तिथल्या तिथे देवाचे आभार मानले.

परतीच्या गाडीत साखरबाई एक शब्द बोलल्या नाहीत. जास्त जेवल्या असतील.


२३ फेब्रुवारी, सोमवार

किंजलचा मेल आला. स्वातीने छापून माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

४१७ भट्टीची. ६८२ उन्हाची.

किंजलने लिहिलं आहे, परीक्षकांना भट्टीची मिरचीच अधिक उनवट वाटली, तीही एकमताने. ही आनंदाची गोष्ट आहे. आता उन्हाच्या मिरचीची गरज नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

मी तीनदा वाचलं.

ऊन रंग खातं. अंगणात वाळत घातलेलं लुगडं विटतं. मिरची विटते. हे लहान पोराला कळतं. लाल राहते ती भट्टीतली. मी कोणत्या तोंडाने आईचा शब्द तिच्यावर लिहिला?

पण मग बाकीचे चौघे? एक चुकला असता, दोन चुकले असते. साखरबाई आपल्याच पाड्याची मिरची ओळखणार नाहीत? शिवलेल्या गोणीतली खवट ओळखणारी बाई?

फाईलमधून पाचही कागद काढले. साखरबाईंचा कागद खिडकीशी धरला. त्या पेन्सिल दाबून लिहितात. खोडलं तरी कागदावर खळगे राहतात. ४१७च्या खाली ६८२. भावेशच्या कागदावरही तसंच, पुसट. जयवंती आणि धीरजचे कागद स्वच्छ आहेत. ते थांबले होते. मी लिहीपर्यंत.

माझा इतका धाक आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्या खुर्चीला घाबरून माणसं आपलं नाक खोटं ठरवतात. साखरबाईंनी आपली बारा घरं खोडली. माझ्या धाकाने.

उद्या सांगते. जे होईल ते होईल.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी स्वातीच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं.

"मला वास येत नाही. जानेवारीपासून."

"बसा, ताई," ती म्हणाली. तिने पाण्याचा पेला पुढे केला. चेहरा तसाच. मला वाटलं तिला कळलंच नाही.

"अजिबात येत नाही, स्वाती. ४१७ मी रंग बघून लिहिलं. बाकीच्यांनी मला घाबरून."

"घाबरून?" ती पहिल्यांदा हसली. "तुम्हाला कोण घाबरतं?"

मग तिने सांगितलं. संक्रांतीला भावेशने दुकानातून तिळाचे लाडू आणले होते. तीळ खवट. सगळ्यांनी पहिला घास थुंकून टाकला. मी खिडकीशी उभी राहून दोन खाल्ले आणि म्हटलं, छान झालेत. "आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. मग थांबायची सवयच लागली. चूक माझी आहे, ताई. मी प्रमुख आहे, मला थांबायचा अधिकार नव्हता."

संक्रांतीपासून. म्हणजे माझ्याइतकंच त्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तुमच्या घरी आत्मारामभाऊंना फोन मीच केला," ती म्हणाली. "घरी गॅस आहे ना, भीती वाटली. त्यांनाही अंदाज आलेला होता. म्हणाले, तिला सांगू नका, तिची ती सांगेल."

भावेश. जयवंती. हे. सहा आठवडे मी अंधारात चालत होते असं मला वाटत होतं आणि दोन्ही बाजूंनी माणसं कंदील धरून चालत होती. मी त्यांना बडबडे म्हणत होते. रिकामे म्हणत होते.

स्वातीने किंजलला फोन लावला. मी स्वतः सांगितलं. मग किंजल म्हणाली, "तर ते पाचपैकी पाच..."

"खोटं होतं. एकाचं चुकलं आणि चौघांनी सांभाळून घेतलं."

"आमच्याकडे असं कोणी सांभाळून घेत नाही," ती म्हणाली. रागावली होती की नाही, आवाजावरून कळलं नाही. पाचही कागद रद्द. शुक्रवारी पुन्हा जेवण, नवे आकडे, प्रत्येकाला वेगळं टेबल.

फोन ठेवल्यावर स्वातीने माझं काय ते सांगितलं. नाक परत येईपर्यंत खुर्ची नाही. आलंच नाही तर कायमची नाही. मिरच्यांचा तिखटपणा मोजायचं काम माझ्याकडे. ते जिभेचं काम आहे, त्याला नाक लागत नाही. पहिली खुर्ची साखरबाईंना.

एक क्षण साखरबाईंचा हेवा वाटला. खोटं कशाला लिहू. मग लगेच वाटलं, त्यांचं नाक सरस आहे ही गोष्ट मीच सात वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

दुपारी साखरबाईंना कँटीनच्या मागे गाठलं. मला माफी मागायची होती आणि तोंडातून निघालं ओरडणं.

"कमळीच्या बायकांचं काय? तुम्ही खोडलंत कसं?"

"मंग काय करू?" त्याही चढ्या आवाजात. "चौघांनी येक लिवला न् तुमी येकटीनं दुसरा, तं ती मुंबईची पोरगी तुमाला काय बोलली असती? सगल्यांच्या समोर? जेवनाच्या टेबलावर?"

"म्हणून आपल्या माणसांचं नुकसान?"

"कमळीला काय सांगू ह्या इचारानं मना चार दिस जेवन गेला नाय. तुमी मना पेन्सिल धराया शिकवली. त्याच पेन्सिलीनं तुमाला उघडी पाडू?" मग बोट रोखलं. "न् तुमी! दीड म्हयना! येकदा बोलाया काय झालता? तोंडात मूग भरलं व्हतं?"

त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता बोलत होत्या. "खवट लाडू खाल्लान न् बोलते छान झालेत."

आधी त्यांना हसू आलं, मग मला.

संध्याकाळी घरी आले. हे चहा करत होते. "शेगडी चांगली आहे," मी म्हटलं. ह्यांनी वळून माझ्याकडे नीट बघितलं. "बोललीस मंग," म्हणाले आणि साखर घातली.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

किंजलने उन्हाची मिरची घेतली. कमळी आणि त्या अकरा बायकांची यंदाची सगळी. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, ती म्हणाली. स्वातीने आधी कंपनीतून फोन करून पाड्यावर निरोप दिला, मग साखरबाईंनी पुन्हा स्वतः केला. तिकडून इतका कालवा ऐकू येत होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.

चार परीक्षक, चार टेबलं. तिघांनी उन्हाची बरोबर सांगितली. धीरजने भट्टीची. तो म्हणतो त्याला सर्दी आहे. भावेश म्हणतो त्याला सर्दी नाही, अक्कल नाही. किंजलने तिथेच पाकीट फोडून आकडे वाचले आणि म्हणाली, "चारपैकी तीन. हे खरं वाटतं."

मला कागद नव्हता. कंपनीच्या कामात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी आकडा न लावलेलं जेवण जेवणार होते. पण त्याआधी एक काम होतं. या वेळी नुसता आकडा चालणार नव्हता, वास कसा आहे तेही लिहून हवं होतं. साखरबाईंना एवढं लिहायला वेळ लागतो. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असं स्वातीने ठरवून दिलं. मी त्यांच्या टेबलावर समोर बसले. काचेपलीकडच्या मुलीने ओळखून हात हलवला.

साखरबाईंनी पहिली वाटी हुंगली, झाकली. दुसरी उघडली. डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. कोणी दूरच्या माणसाची हाक ओळखावी तसा तो झाला. मला काहीही येत नव्हतं आणि तरी त्या वाटीत काय आहे ते मला समोर दिसत होतं.

"हीच," त्या म्हणाल्या. "उनातली."

मी लिहायला लागले.

"काय लिवता?"

"उनवट."

"मी बोलली का उनवट?"

"नाही, पण अर्थ तोच—"

"तुमच्या आयशीचा ऊन दर्याकडचा, बाय. अंगनातला. ह्यो तसा नाय. सांजंला खडक निवाया लागतो न् आपन मिरची गोला करतो, तवा खालून येतो, तो हाय ह्यो." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मी बोलते तेवढाच लिवा. आपला घालू नका."

मी खोडलं. संध्याकाळी निवणाऱ्या खडकाचा, असं लिहिलं.

"वाचून दावा."

वाचून दाखवलं. त्यांनी ओठ हलवत पुन्हा एकदा स्वतःशी म्हटलं, मान डोलावली, आणि माझी थाळी माझ्यापुढे सरकवली.

"हां," म्हणाल्या. "आता जेवा."